घरातला पहिला संगणक कोणाचा होता?

दिवाळी अंकांतून आठवणींचे लेख यावेत ही आपली जुनी रीत आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी घरातल्या पहिल्या रेडिओवर लिहिले, पहिल्या सायकलवर लिहिले, आळीत आलेल्या विजेच्या पहिल्या दिव्यावरही लिहिले. आता पन्नाशीकडे झुकलेली पिढी लिहू लागली आहे, आणि तिचा आवडता विषय 'आमच्या घरचा पहिला संगणक' हा आहे. असे लेख मी हौसेने वाचते. वाचता वाचता मनात जे साचत गेले ते मात्र आज सांगून टाकणार आहे. त्याने फराळाची चव थोडी बिघडली तर वाचकांनी क्षमा करावी.

या लेखांचा साचा आता इतका ठरून गेला आहे, की पहिल्या चार ओळी वाचल्या म्हणजे पुढचे पान न उलटता सांगता येते. साल १९९८ किंवा १९९९. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलेले. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कोणा ओळखीच्याने जोडून दिलेले यंत्र. त्याची पाटावर नव्हे तरी टेबलावर पूजा, मॉनिटरला हळदकुंकू, झेंडूची माळ. खोलीत चपला घालून यायचे नाही असा दंडक. मग ती १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी, मोडेमची ती विचित्र किरकिर, त्यापायी अडून राहिलेला घरचा फोन आणि फोन लागत नाही म्हणून रागावलेली आत्या. प्रिन्स ऑफ पर्शिया हा खेळ आणि त्यातले ते काटे. शेवटी लेखक उसासा टाकतो आणि म्हणतो, आजच्या मुलांना ती गंमत कळायची नाही.

हे सारे खरे आहे आणि गोडही आहे. माझी तक्रार आहे ती या लेखांतल्या एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे 'आम्ही'. आम्ही रात्र रात्र बसायचो, आम्ही यंत्र उघडून बघायचो, आम्ही बिघडवायचो आणि आम्हीच दुरुस्त करायचो. हे 'आम्ही' कोण? नीट पाहिले तर लेखक, त्याचा शेजारचा मित्र आणि पुण्याहून सुट्टीला आलेला मामेभाऊ. लेखकाला बहीण असते. ती लेखात एकदा येते. चिवड्याच्या बशा घेऊन येते आणि बशा ठेवून जाते.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी असाच एक लेख लिहिला. चांगला लिहिला होता. मी त्यांना सहज विचारले, तुमच्या ताईंना त्या यंत्राचे काय आठवते? त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "मला काय आठवणार? तू मला पासवर्ड कुठे सांगितला होतास?" गृहस्थ हसले. बहीणही हसली असावी. लेख मात्र छापून झालेला होता.

यावर नेहमीचे उत्तर मला ठाऊक आहे. 'मुलींना कोणी मना केली होती? यंत्र दिवाणखान्यातच तर होते!' मना करावी लागली नाही हे अगदी खरे. मना करण्याची गरज पडत नाही अशी व्यवस्था घरात आधीच लागलेली असते. संध्याकाळी सहाला पाणी येणार, ते भरायचे कोणी? कुकर लावायचा कोणी? मुलगा दोन तास मॉनिटरपुढे बसला, मग भले तो त्या काट्यांवरून उड्या मारीत का असेना, तर आई शेजारणीला कौतुकाने सांगणार की त्याचा आता चांगला हात बसतो आहे. मुलगी अर्धा तास बसली तर तिने वेळ घालवला. रात्री घरचा फोन मोकळा झाला की इंटरनेट जोडायचे, पण रात्री जागायचे कोणी आणि पहाटे उठायचे कोणी हे ठरलेले होते. घरी जमत नसेल तर चौकात सायबर कॅफे होताच. तिथे रात्री दहाला मुलाला जाता येत असे. या यादीत कोणी दुष्ट नाही. वडील प्रेमळ, आई कष्टाळू, भाऊ गुणी. म्हणूनच तर ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

आमच्याही घरी संगणक आला. त्याच्या पैशांत आईच्या दोन वर्षांच्या भिशीचा वाटा होता. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून कापडाचे आवरण शिवले ते मी; त्याच्या कडेला वेलबुट्टीही काढली. रोज सकाळी पुसायचे काम माझे. मी त्या खुर्चीवर बसत असे तीही कामासाठीच. कारण मी टायपिंगच्या क्लासला जात होते. मराठी थर्टी झाली होती, इंग्रजी फॉर्टीची तयारी चालू होती, आणि आमच्या घरात त्या यंत्रावर मराठी उमटवता येणारी मी एकटीच होते.

या गोष्टीकडे आठवणी लिहिणाऱ्यांचे अजिबात लक्ष गेलेले नाही, म्हणून थोडे थांबते. त्या काळात संगणकावर मराठी लिहिणे सोपे नव्हते. आजच्यासारखा युनिकोड घरोघर पोचला नव्हता. श्रीलिपी, आकृती असले फाँट असत, आणि एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की भलतीच चिन्हे दिसत. पण त्यांत मराठी टंकलेखनयंत्राप्रमाणे कळा बसवून घेण्याची सोय होती. म्हणजे ज्याची बोटे क्लासमध्ये खडखड करून तयार झाली होती त्याला मराठी येई, आणि इंग्रजी खेळांत तरबेज असलेल्या भावाला आपले नाव लिहिताना घाम फुटे. माझ्या पाहण्यातल्या टायपिंगच्या क्लासांत मुलींचीच गर्दी अधिक. सोसायटीच्या सभेची इतिवृत्ते, काकांच्या साठीशांतीची निमंत्रणे, भावाच्या कॉलेजचा प्रकल्प-अहवाल, हे सारे आम्हीच टाइप केले. गावोगावच्या डीटीपी सेंटरांत लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची पाने जुळवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. संगणकाला मराठी शिकवली ती या बोटांनी. पण घरात त्याला 'संगणक येणे' असे म्हणत नसत. संगणक येतो तो भावाला. हिला टायपिंग येते.

कोणी म्हणेल, ही मध्यमवर्गीय महाराष्ट्राची रड झाली, यंत्राचा काय दोष? म्हणून जरा दूरचे पाहू.

इंग्लंडात स्टेफनी शर्ली नावाच्या एक बाई होऊन गेल्या. जन्म १९३३चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. नाझींच्या तडाख्यातून वाचवण्यासाठी ज्यू मुलांना आगगाडीने इंग्लंडला धाडीत, तशी ही पाच वर्षांची मुलगी १९३९ साली मोठ्या बहिणीचा हात धरून तिकडे गेली. पुढे संगणकाच्या कामात शिरली, बढत्यांच्या वेळी डावलली गेली आणि १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर, जेवणाच्या टेबलावर, तिने स्वतःची कंपनी काढली. आज्ञावली लिहून देणारी कंपनी. लग्न झाले, मूल झाले म्हणून नोकरी सोडून घरी बसलेल्या हुशार बायकांना तिने गोळा केले. या बायकांच्या घरात संगणक नव्हता. कोणाच्याच घरात नव्हता. तो खोलीएवढा मोठा असे. त्या घरी बसून कागदपेन्सिलीने आज्ञावली लिहीत, पोस्टाने पाठवीत, मग ती भोके पाडलेल्या पट्ट्यांवर चढे. घरी हवा तो फक्त टेलिफोन. गिऱ्हाइकाला फोनवर पोराचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून बाई मागे टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत. 'स्टेफनी' या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येत नसत, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. मग उत्तरे येऊ लागली. पहिल्या तीनशे माणसांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानातल्या ब्लॅक बॉक्सची आज्ञावली या कंपनीने लिहिली. शर्लीबाई २०२५ साली वारल्या.

हे लांबवून सांगितले त्याला कारण आहे. घरात बसून संगणकाचे काम करण्याची चाल बायकांनी पाडली, घरात संगणक येण्याच्या वीस वर्षे आधी. त्याहीपूर्वी अमेरिकेत एनिॲक नावाच्या प्रचंड यंत्राला गणिते कशी घालायची हे सहा तरुण मुलींनी बसवले होते. १९४६ साली ते यंत्र जगाला दाखवले तेव्हा त्यांची नावे कोणी घेतली नाहीत. मुलींना हे काम जमत नाही असे म्हणायला इतिहासात जागाच नाही.

मग १९८०नंतर संगणक घरात आला. इंग्लंडात १९८२ साली सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. रबराच्या कळांचा, घरच्या टीव्हीला जोडायचा, साध्या कॅसेटवरून खेळ चढवायचा; किंमत १२५ पौंडांपासून पुढे. त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ निघाला. (स्पेक्ट्रमची परवान्याने केलेली आवृत्ती १९८६ साली आपल्याकडेही विकायला आली होती, पण ती किती घरांतून पोचणार!) चांगली यंत्रे होती. चालू केले की पडद्यावर काही चित्रे नाचत नसत. यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहत थांबून राही. मूल चार ओळी लिहून पाही, चुके, पुन्हा लिही. पण जाहिरातींतून यंत्रापुढे बसलेला दिसे तो बहुधा मुलगा, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा असे तो बाप. यंत्र घरातले, पण आले ते मुलाचे खेळणे म्हणून आणि ठेवले गेले त्याच्या खोलीत.

पुढे काय झाले त्याचा हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्या दर शंभरांत ३७ मुली होत्या. तिथून तो आकडा घसरत गेला आणि २०१०च्या सुमारास निम्म्यावर, अठराच्या आसपास आला. वैद्यकीत मुली वाढत होत्या, वकिलीत वाढत होत्या. इथेच तेवढ्या कमी होत होत्या. कारणे एकाहून अधिक असतील. पण जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ ते १९९९ या काळात शंभरांहून अधिक विद्यार्थ्यांशी बोलून जे लिहिले, ते प्रत्येक आईबापाने वाचावे. मुलगे वर्गात येत ते पाच-सात वर्षे घरच्या यंत्राशी झटापट करून. मुली गणितात पहिल्या येऊन आलेल्या, पण यंत्र भावाच्या नाहीतर वडिलांच्या ताब्यात असल्यामुळे तिथे नवख्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना वाटे, हे सगळे जन्मतःच शिकून आलेत, आपले इथे काम नाही. जन्मतः नव्हे, बायांनो, घरातून. विद्यापीठाने मग आधीच्या सरावाला प्रवेशात महत्त्व देणे सोडले, नवख्यांसाठी निराळा प्रारंभ आखला. १९९५ साली तिथे या विषयात शंभरांत ७ मुली येत. २००० साली ४२ आल्या. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलले नाहीत.

आता आपल्याकडचे लोक छाती पुढे काढून म्हणतात, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. पुण्याच्या हिंजवडीत जाऊन बघा किती मुली आहेत त्या! गोष्ट खरी आहे. आपल्या संगणक-व्यवसायात सुमारे तिसरा हिस्सा बायका आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण हे का झाले याचा विचार करा. आपल्या घरांनी काही मोठेपणा दाखवला म्हणून झाले का? माझे म्हणणे असे, की आपल्या बहुतेक घरांत संगणक नव्हता म्हणून झाले. आपला मुलगाही यंत्र पहिल्यांदा पाही ते कॉलेजात नाहीतर क्लासात, आणि मुलगीही तिथेच. सरकारने १९८४ साली शाळाशाळांतून बीबीसी मायक्रो यंत्रे देण्याची योजना आखली ती सुमारे अडीचशे शाळांपुरती. पण तिथेही यंत्र होते शाळेचे. पुढे २००२ पासून तालुक्यातालुक्यांत एमएस-सीआयटीचे वर्ग भरू लागले. तिथे फी भरली की प्रत्येकाला ठरलेल्या तासाला ठरलेली खुर्ची मिळे. त्या तासापुरता कोणी भाऊ नव्हता आणि पाणी भरायचे नव्हते. आमच्या मुलींनी त्या तासाचे सोने केले. म्हणजे जी आपली गरिबी, तिने मुलींचा रस्ता मोकळा ठेवला. बोचरी गोष्ट आहे, पण मला ती खरी वाटते.

आणि म्हणूनच मला त्या गोड लेखांचा राग येतो. आता घरोघर यंत्र आले आहे. ते टेबलावर बसत नाही, खिशात बसते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळाच त्या यंत्रात शिरली. त्या वर्षी वर्ग घेताना मी काय पाहिले ते सांगते. घरात फोन एक. सकाळी तो वडिलांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी परत येई, तेव्हा दहावीतला दादा आधी बसे, मग आठवीतला मधला, आणि नववीतली मुलगी रात्री साडेनऊला भांडी आटोपून मला संदेश पाठवी, 'बाई, आज काय शिकवलं?' ती मधल्यापेक्षा वरच्या वर्गात होती. तरी क्रम तोच. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागू लागली, तेव्हा माझ्या धाकट्या विद्यार्थिनी हटकून पाहत. मला आधी नवल वाटले. मग उमगले: टीव्ही दिवाणखान्यात होता आणि तो कोणा एकाचा नव्हता.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांनी कधीतरी इंटरनेट वापरले आहे अशा स्त्रिया देशात शंभरांत तेहतीस निघाल्या. पुरुषांत तो आकडा निम्म्याच्या वर होता. स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता तो शंभरांतल्या चोपन्न बायकांकडे. या पाहणीला आता काही वर्षे झाली, आकडे सुधारलेही असतील. पण आकडे सुधारतात ते फोन स्वस्त होतात म्हणून. घरातला क्रम स्वस्ताईने बदलत नाही. शाळा पुन्हा उघडल्या, तरी गृहपाठ मोबाइलवर, सूचना मोबाइलवर, शिष्यवृत्तीचे अर्ज मोबाइलवर, ही सवय गेली नाही. म्हणजे जो दरवाजा कॉलेजात आणि क्लासात सर्वांना सारखा उघडा होता, तो आपण उचलून घरात नेऊन बसवला आहे आणि किल्ली नेहमीच्या खिशात ठेवली आहे.

अशा वेळी 'आम्ही रात्र रात्र बसायचो' असे वाचले की गंमत वाटेनाशी होते. त्या लेखांतून नव्या आईबापांना समजते ते एवढेच, की यंत्र घरात आणून ठेवावे, हुशार मूल आपोआप शिकते. आपोआप कोणी शिकले नाही. तुमच्या रात्री मोकळ्या ठेवण्यासाठी घरात कोणीतरी पहाट सांभाळली होती. भाऊबीजेला बहीण घरी येईल, तेव्हा ओवाळणी घालून झाल्यावर तिला विचारा तरी, की त्या यंत्रावर तू काय काय केले होतेस. ती सांगेल ते लेखात घाला. लेख दोन पानांनी वाढला म्हणून कोणी संपादक तक्रार करील असे मला वाटत नाही.

पालकसभेत मी एक साधी गोष्ट मागते. घरात फोन एकच असेल तर अभ्यासाच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि मुलीची वेळ जेवणाच्या आधीची ठेवा. तेवढा वेळ कुकर वडिलांनी लावावा. यावर वडीलमंडळी हसतात. चार-दोन जण खरोखरच लावतात, असे मुली येऊन सांगतात. बाकीच्यांची वाट पाहत बसणे मला परवडत नाही. म्हणून माझ्या वर्गाचा गृहपाठ मी फळ्यावर लिहिते, आणि सगळ्यांनी उतरवून घेईपर्यंत पुसत नाही. ज्यांना तो मोबाइलवरच हवा असतो त्यांचे पालक सुटायच्या वेळी येऊन फळ्याचा फोटो काढून नेतात.